कुलाबा पाण्यावर, जंजिरा वाऱ्यावर: ठाण्याहून अलिबाग-मुरुडची दोन दिवसांची आखणी

शनिवारी सकाळी साडेसातला ठाणं सोडायचं, पेणला मिसळ खायची, वडखळला तासभर अडकायचं आणि साडेबाराला अलिबागच्या किनाऱ्यावर उतरून विचारायचं, "किल्ल्यावर चालत जाता येतं ना?" येतं, पण तेव्हा नाही. आमच्या सोसायटीतून अशा तीन सहली गेल्या. पहिली मीच आखली होती. बारा माणसं, दोन गाड्या, आणि किल्ला समोर दिसत असूनही मध्ये छातीएवढं पाणी. शेवटी किनाऱ्यावर भेळ खाऊन परतलो.

चूक प्रत्येक वेळी तीच असते. सुट्टी बघून तारीख ठरते, तारीख बघून हॉटेल ठरतं, आणि समुद्राचं वेळापत्रक किनाऱ्यावर पोचल्यावर कळतं. क्रम उलटा हवा. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीवर चालतो. मुरुडचा जंजिरा कधीच चालत गाठता येत नाही. तिथे वारा बघावा लागतो. या दोन गोष्टी आधी बसवल्या की बाकीचं सगळं त्यांच्या अवतीभवती लावता येतं.

हंगाम ऑक्टोबर ते मे, त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात यातलं काहीही करू नका. जंजिऱ्याच्या होड्या तेव्हा बंद असतात आणि कुलाब्याच्या वाटेवरच्या लाटांवर कुणाचा भरवसा नसतो.

१. आधी तिथी, मग तारीख

भिंतीवरचं कॅलेंडर काढा, ज्यावर तिथी असते ते. कोकणात किनाऱ्यावरची माणसं भरतीचा हिशेब असा करतात: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. आला तो भरती पूर्ण होण्याचा तास, दिवसाही आणि रात्रीही. त्यात सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटं मिळवली की ओहोटी पूर्ण होण्याची वेळ मिळते. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब एकच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या.

समजा शनिवारी चतुर्थी आहे. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास. ओहोटी सकाळी नऊ-सव्वानऊला. त्रयोदशी असेल तर भरती पावणेदहाला आणि ओहोटी दुपारी चारच्या आसपास. एक तिथी पुढे गेली की वेळ पाऊण तासाने पुढे सरकते.

या हिशेबावर तारीख निवडा, पावलं टाकू नका. तिथी मध्यरात्री बदलत नाही, कधी तिचा क्षय होतो, कधी वृद्धी होते, त्यामुळे अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. तारीख नक्की झाली की मुंबईचं भरती-ओहोटीचं कोष्टक उघडून अचूक वेळ घ्या. मुंबई बंदराच्या वेळा अलिबागला जवळपास तशाच लागू पडतात, फरक काही मिनिटांचा.

> तपासणी: कोष्टकातली वेळ आणि पाऊणपटीची वेळ यांत तासाभराहून जास्त फरक दिसला तर बहुतेक तुम्ही चुकीची तारीख उघडली आहे, भरतीची ओळ ओहोटी म्हणून वाचली आहे किंवा ते कोष्टक भारतीय वेळेत नाही.

२. वेळेइतकाच आकडा महत्त्वाचा

इथे बहुतेक जण फसतात, अगदी कोष्टक बघणारेही. कुणी सांगतं, "शनिवारी ओहोटी बरोबर बारा वाजता आहे, मस्त! आरामात निघू." पण बाराची ओहोटी म्हणजे अष्टमी. आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती, बाराला ओहोटी. आणि अष्टमी-नवमीच्या सुमाराला समुद्राला भांग असतो. भांगाच्या दिवसांत भरती मोठी येत नाही आणि ओहोटीही पुरती उतरत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी जेवढं चढतं, तेवढंच लांब ओसरतं.

मुंबई बंदराच्या सरासरी आकड्यांत सांगायचं तर उधाणाच्या ओहोटीला पाण्याची पातळी पाऊण मीटरच्या आसपास येते. भांगाच्या ओहोटीला ती पावणेदोन मीटरच्याही थोडी वर राहते. वाट तीच, पण तिच्यावर एक मीटरहून जास्त पाणी. उधाणाला जिथे घोटा भिजतो, तिथे भांगाला कंबर.

म्हणजे सोयीची वेळ आणि सोयीचं पाणी एका दिवशी मिळत नाही. भर दुपारची ओहोटी नेहमी अपुरी असते आणि खरी मोठी ओहोटी सकाळी सहाला किंवा संध्याकाळी सहाला, अंधाराच्या तोंडाशी. याला इलाज नाही. मधल्या तिथी शोधायच्या.

माझ्या वहीत दोन खिडक्या लिहिलेल्या आहेत:

- द्वितीया ते पंचमी: ओहोटी सकाळी साडेसात ते पावणेदहा. पौर्णिमा-अमावास्या नुकतीच गेलेली असते आणि उधाणाचा जोर नंतर एक-दोन दिवस टिकतो, म्हणून पाणी छान ओसरतं. मी यांनाच पहिली पसंती देतो. वद्य चतुर्थी मात्र टाळतो. किल्ल्यात गणपतीचं मंदिर आहे, संकष्टीला गर्दी असते.
- द्वादशी ते चतुर्दशी: ओहोटी दुपारी तीन ते पावणेपाच. निवांत निघणाऱ्यांसाठी. चतुर्दशीला हिवाळ्यात सूर्यास्ताशी शर्यत लागते, तेव्हा द्वादशी-त्रयोदशी बरी.

सप्तमी ते दशमी या चार तिथींना शनिवार-रविवार आला तर कुलाबा सोडून द्या, नुसता जंजिरा करा. षष्ठी आणि एकादशी काठावरच्या. तेव्हा कोष्टकातला आकडा बघूनच ठरवा.

आकड्याचा माझा स्वतःचा नियम असा: ओहोटीची पातळी एक मीटरच्या खाली असेल तर चालत जायचं. एक ते दीडच्या मध्ये असेल तर घोडागाडी. दीडच्या वर असेल तर किनाऱ्यावरूनच नमस्कार. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, त्यामुळे आकडा तुम्ही जाणार त्याच वेळेचा वाचा. काही ॲपमध्ये तो फुटांत असतो. "तीन" दिसलं तर आधी एकक बघा.

३. दोन दिवसांचा साचा

ठरलेली खिडकी सकाळची असेल तर साचा असा. शनिवारी पहाटे चारला ठाणं सोडा किंवा शुक्रवारी रात्रीच अलिबाग-नागावला मुक्कामाला जा. शनिवारी सकाळी कुलाबा, मग नाश्ता, रेवदंडा, दुपारनंतर कोर्लई, रात्री मुरुड किंवा काशीद. रविवारी सकाळी जंजिरा आणि परत.

दुपारची खिडकी असेल तर सहाला निघा, साडेनऊपर्यंत अलिबाग. लगेच कुलाब्याच्या नादी न लागता सतरा-अठरा किलोमीटर पुढे रेवदंड्याला जा, तटबंदी फिरा, जेवा आणि दोन वाजता अलिबागला परत या. कुलाबा आटोपून संध्याकाळी मुरुडच्या दिशेने निघा. कोर्लई रविवारी परतताना.

दोन्ही साच्यांत जंजिरा सकाळीच येतो, हे लक्षात आलं असेल. कारण पुढे सातव्या टप्प्यात आहे.

४. नकाशात नाव नीट टाका

छोटी गोष्ट आहे, पण माणसं यात खरंच चुकतात. नुसतं "कुलाबा" टाकलं तर नकाशा तुम्हाला मुंबईतल्या कुलाब्याला नेऊ शकतो. "कुलाबा किल्ला, अलिबाग" असंच लिहा. (गंमत म्हणजे भरतीच्या वेळा मुंबईच्या कुलाब्याच्या बघितल्या तरी चालतं. चुकीच्या पत्त्यावर बरोबर उत्तर मिळण्याची ही एकच जागा.)

"मुरुड" तर त्याहून वाईट. एक मुरुड दापोलीजवळ रत्नागिरी जिल्ह्यात आहे, एक लातूर जिल्ह्यात. आपल्याला हवं ते रायगड जिल्ह्यातलं. तिथेही गावात न थांबता "राजपुरी जेट्टी" हे ठिकाण टाका. हॉटेल बुक करतानाही जिल्हा बघा. आमच्या एका मेव्हण्याने दापोलीच्या मुरुडात खोली घेतली होती आणि हे त्याला माणगावजवळ कळलं.

५. रस्ता

ठाण्याहून नेहमीची वाट: ठाणे-बेलापूर रस्ता, पुढे सायन-पनवेल महामार्ग, कळंबोली, पनवेलला वळसा घालून पळस्पे फाटा, तिथून मुंबई-गोवा महामार्गाने खारपाडा, पेण, वडखळ. वडखळला उजवीकडे अलिबागचा रस्ता, मग पोयनाड, कार्लेखिंड आणि अलिबाग. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. पहाटे अडीच-तीन तास लागतात. शनिवारी आठला निघालात तर किती तास, ते वडखळ ठरवतं.

कळंबोलीला लक्ष द्या. गप्पांच्या नादात पुण्याच्या द्रुतगती मार्गावर गाडी चढली की मध्येच वळता येत नाही, टोल भरून बरंच पुढे जाऊन परत यावं लागतं. पाटी पनवेल-गोव्याची हवी.

खारघर, बेलापूर, नेरूळवाल्यांचा अर्धा-पाऊण तास वाचतो. अटल सेतूचा ठाणेकरांना काही उपयोग नाही. तो शिवडीहून येतो. शनिवारी मुंबईच्या गाड्या त्याच्यावरून लवकर येतात आणि पुढे तुमच्याच रांगेत उभ्या राहतात, एवढाच संबंध.

सोबत गुडघ्यांनी हैराण झालेले आई-बाबा असतील तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट विचारात घ्या. गाडीसकट तासाभरात पलीकडे, आणि मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. ठाण्याहून भल्या सकाळी पूर्व द्रुतगती महामार्ग आणि पुढे फ्रीवे धरला की धक्का गाठता येतो. शनिवार-रविवारी गाडीची जागा आधी आरक्षित करावी लागते. आधी ओहोटी, मग बोटीची वेळ बघा. सकाळची खिडकी बहुतेक वेळा बोटीने गाठता येत नाही, दुपारची येते.

गाडी नसेल तर. पनवेलच्या एसटी स्थानकावरून अलिबागच्या गाड्या सारख्या असतात. अलिबाग स्थानकावर उतरून किनारा चालत जाण्याइतका जवळ आहे. नवी मुंबईकरांना दुसरी वाट मला जास्त आवडते: नेरूळ किंवा बेलापूरहून उरण लोकल (ही गाडी थेट उरणपर्यंत जानेवारी २०२४ पासून धावते), उरण स्टेशनवरून रिक्षाने करंजा, करंजाहून लॉंचने धरमतरची खाडी ओलांडून रेवस, आणि रेवसहून एसटी किंवा विक्रमने (मोठ्या रिक्षाने) अलिबाग. ना वडखळ, ना पळस्पे. पण रेवसच्या धक्क्याला गाळ आहे, मोठ्या ओहोटीला लॉंच अडू शकते. आणि मोठी ओहोटी तर तुम्हाला किल्ल्यासाठी हवीच आहे. म्हणून या वाटेने जायचं तर ओहोटीच्या निदान तीन तास आधी करंजा सोडा.

६. कुलाब्याची चाल

सामान. पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा जुने बूट. अनवाणी नको, कारण किल्ल्याजवळ खडक आहेत आणि खडकांवर कालवं. कालवाची कड ब्लेडसारखी कापते आणि खारं पाणी जखम विसरू देत नाही. साधी अंगठ्याची स्लिपर चिखलात राहून जाते. मोबाइल आणि गाडीची रिमोट चावी जलरोधक पिशवीत. फोन भिजला तर दुसरा मिळतो, रिमोट चावी भिजली तर तुम्ही अलिबागला आणि गाडी कुलूपबंद. माणशी एक लिटर पाणी, टोपी, बदलायचे कपडे गाडीत. सुटे पैसे. गाडी वाळूवर उतरवू नका, कुणी कितीही उतरवलेली असू दे. भरतीला ट्रॅक्टर शोधत फिरणारे मालक दर हंगामात दिसतात.

किनाऱ्यावर पोचण्याची वेळ. ओहोटी पूर्ण होण्याच्या दोन तास आधी.

पहिलं काम: पाणी ओळखणं. पाण्याच्या कडेला एक काडी रोवा आणि दहा मिनिटं उभे राहा. पाणी काडीपासून दूर गेलं तर उतरतंय. कोष्टक हाती असलं तरी हे करा. घोडागाडीवाल्या दादांना "जाता येईल का?" असं विचारू नका. उत्तर "हो" हेच येणार, त्यांचा धंदा आहे. "पाणी उतरतंय का चढतंय? परतीला कितीपर्यंत निघू?" असं विचारा. या प्रश्नाला ते सरळ उत्तर देतात, कारण अडकलेल्यांना आणायची पाळी शेवटी त्यांच्यावरच येते.

निघणं. ओहोटीच्या दीड तास आधी. आधी गेलेल्यांच्या पावलांनी किंवा गाडीच्या चाकोरीने चाला. वाळू सपाट दिसते, पण सपाट नसते. मध्ये सखल पट्टे आहेत आणि त्यांत पाणी साचून राहतं. लहान मुलांचा हात धरून ठेवा. वाट फार लांब नाही, रमतगमत अर्धा तास पुरे.

परतीचा गजर आत्ताच लावा. ओहोटी पूर्ण झाल्यावर अर्ध्या तासाने किल्ल्याचा दरवाजा सोडायचा, एक तासाने सगळे किनाऱ्यावर. याला अपवाद नाही. कारण पाणी सारख्या वेगाने चढत नाही. समजा ओहोटी ते भरती पाणी ३.६ मीटर चढणार आहे. पहिल्या तासात ते साधारण ३० सेंटिमीटर चढतं, दुसऱ्यात ६०, तिसऱ्यात ९०, चौथ्यातही ९०. पहिल्या तासात काहीच होत नाही असं वाटतं आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या तासात मूल बुडेल एवढं पाणी येतं. शिवाय ते समोरून लाटेसारखं येत नाही. सखल पट्टे आधी भरतात, म्हणजे तुम्ही उभे असता ती वाळू कोरडी आणि किनाऱ्याकडची वाट पाण्यात.

> सावध: "अजून तर घोट्याएवढंच आहे" हे वाक्य ऐकू आलं की उशीर व्हायला सुरुवात झालेली असते.

किल्ल्यात. पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढा. हातात तासभर असतो. क्रम असा ठेवा: दरवाजातून आत, सरळ शेवटच्या टोकापर्यंत, आणि पाहत-पाहत मागे. बहुतेक जण पहिल्या बुरुजावर अर्धा तास फोटो काढतात आणि गोड्या पाण्याचं टाकं, मंदिर, पलीकडची तटबंदी धावत उरकतात. शेजारचा सर्जेकोट शेवटी ठेवा, आणि वेळ असेल तरच. खडकांवरचं शेवाळ ओलं असताना तिथे सावकाश चालावं लागतं, घाईत कुणी ना कुणी घसरतंच.

अडकलात तर. पाण्यात उतरू नका. किल्ल्यातच थांबा. खारट वाऱ्यात कंटाळा येईल, पण तुम्ही कोरड्या आणि उंच जागी आहात. वाट पुन्हा मोकळी व्हायला साधारण आठ तास लागतात. ओहोटी दुपारची असेल तर तोवर मध्यरात्र उलटते, तेव्हा वेळीच ११२ ला फोन करा आणि किनाऱ्यावरच्या होडीवाल्यांना निरोप जाईल असं बघा.

७. जंजिरा: वाऱ्याआधी पोचा

राजपुरी मुरुडपासून चार-पाच किलोमीटर. इथे ओहोटीचा हिशेब लागत नाही, किल्ला बारा महिने पाण्यात. "ओहोटीला इथेही चालत जातात ना?" असं विचारणारे भेटतात. नाही जात.

दुपारनंतर समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत वाढत जातो. शिडाची होडी तेव्हा चांगलीच हिंदकळते. सकाळी तेच पाणी ताटासारखं असतं. दुसरं कारण गर्दीचं. रविवारी दहानंतर रांग रस्त्यापर्यंत येते. म्हणून मुरुडला मुक्काम असेल तर आठच्या आत जेट्टीवर उभे राहा. काशीदला असाल तर सातच्या आत निघा.

होडीत बसण्याआधी तीन गोष्टी. तिकीट जाण्या-येण्याचं आहे ना, ते विचारा आणि परतीपर्यंत फेकू नका. आपल्या होडीचं नाव आणि तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्याचा, चेहरा लक्षात ठेवा, शक्य तर फोटो काढा. किल्ल्याच्या दरवाजाशी सगळ्या होड्या सारख्याच दिसतात आणि दुसऱ्याच्या होडीत घेत नाहीत. लाइफ जॅकेट मागा, आणि अंगावर घाला. मांडीवर घेऊन बसलेलं जॅकेट उशीच्या कामाचं.

उतरताना घाई करू नका. होडी लाटेसरशी वर-खाली होते आणि पायऱ्या शेवाळलेल्या असतात. होडी वर आली की पाय टाका, खाली जाताना नाही. तांडेलाचा माणूस हात देतो, तो धरा. फोन खिशात. माझ्यासमोर दोन फोन तिथे बुडाले आहेत, दोन्ही सेल्फीच्या पोझमध्ये.

आत मिळणारा वेळ साधारण पाऊण तास. किल्ला त्या मानाने खूप मोठा आहे. तेव्हा ठरवून चाला: दरवाजा, कलाल बांगडी तोफ, तळं, वरच्या तटावरून एक नजर, परत. गाइड घ्यायचा तर पैसे आधी ठरवा आणि आपल्याकडे किती मिनिटं आहेत ते सांगा, नाहीतर सगळा वेळ पहिल्या कमानीखाली जातो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आतल्या तळ्यापर्यंत जाऊन सावलीत बसावं, वर चढू नये. पिण्याचं पाणी आपलं आपण न्यावं.

मुरुडच्या समुद्रात पलीकडे दिसतो तो पद्मदुर्ग. त्याला वेगळी होडी ठरवावी लागते आणि ती मिळेलच असं नाही. एका सकाळी दोन्ही करायचा हट्ट धरू नका.

८. मधली ठिकाणं, थोडक्यात

रेवदंड्याला किल्ल्याच्या तटबंदीतच गाव आणि माडांच्या वाड्या आहेत. तुम्ही कुणाच्या तरी अंगणाजवळून चालत असता, त्याचं भान ठेवा. कोर्लईला गाडी दीपगृहापर्यंत जाते आणि तिथून पायऱ्या आहेत. किल्ला डोंगराच्या लांबट सोंडेवर आहे, सावली जवळजवळ नाही, म्हणून चारनंतर चढा आणि उजेड असताना उतरा. दीपगृहाकडचा रस्ता अरुंद आहे. समोरून गाडी आली की एकाला मागे जावं लागतं, ते तुम्हीच असाल असं धरून चाला.

काशीदला पाण्यात उतरायचं तर गुडघ्यापर्यंत. तिथला समुद्र ओढतो. विशेषतः ओहोटी लागलेली असताना पोहायला जाऊ नका, भले शेजारी वीस जण पोहत असोत.

मुक्कामाबद्दल एवढंच: जंजिऱ्याच्या आदल्या रात्री मुरुडच्या जितकं जवळ राहाल, तितकं बरं. अलिबागला राहून रविवारी पहाटे पन्नास किलोमीटर जाऊ, असं शनिवारी रात्री सगळ्यांना वाटतं. रविवारी पहाटे कुणालाच वाटत नाही.

९. परत येताना

रविवारी दुपारी बाराला मुरुड सोडता आलं तर वडखळ सुसह्य असतं. तीननंतर निघालात तर रांग ठरलेली. एक पर्याय आहे. साळावच्या पुलावरून रेवदंड्याकडे न वळता साळावहून चणेऱ्यावरून रोहा गाठायचं आणि पुढे गोवा महामार्गाला लागायचं. अलिबाग आणि अलिबाग ते वडखळचा रस्ता दोन्ही टळतात. रस्ता जंगलातून जातो, वळणांचा आहे, म्हणून उजेडातच घ्या. मुलांना गाडी लागत असेल तर मात्र वडखळच परवडलं.

फेब्रुवारी ते मेच्या दरम्यान गेलात तर अलिबागच्या रस्त्याला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. अलिबागहूनच परतणार असाल तर एक घ्या. माळ वेणीसारखी घट्ट विणलेली असावी, कांदे छोटे आणि सुके असावेत, देठाशी ओल नको. ती डिकीत ओल्या चपलांशेजारी टाकू नका, मागच्या सीटवर कुणाच्या तरी मांडीवर द्या. घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीशी, वारा लागेल अशी टांगली तर पावसाळ्यापर्यंत पुरते.